दोनशे पिढ्यांचा जावई

रनाळे, ता. नंदुरबार

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या गिरधरचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचा खोकला बसला का? शहाद्याकडे केळीला भाव बरा आहे असं ऐकतो. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत (जेवण कुणालाच जात नाही, पण ते पुढे येईल). तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून हा कागद.

माझ्या रुपाने लिथुआनियाचा मुलगा पसंत केला तेव्हा तू त्याच्या रंगाचं, खाण्याचं काही काढलं नाहीस. एवढंच म्हणालीस, की ज्याच्या सात पिढ्या ठाऊक नाहीत त्याच्या घरी पोर कशी द्यायची? आता जन्मभर शाळेत इतिहास शिकवलेल्या माणसाला असं विचारतात का? मी हट्टाला पेटलो आणि सातच्या जागी दोनशे पिढ्या काढल्या.

ते असं, की पाचेक हजार वर्षांपूर्वी काळ्या समुद्राच्या वरच्या अंगाला, गवताळ मुलखात काही गुराखी लोक राहायचे (पुष्कळ विद्वानांचं मत हे; काही जण तुर्कस्तानकडे बोट दाखवतात, आणि दोन्ही बाजू आपल्या भाऊबंदांसारख्याच भांडतात). घोडे, गाड्या, गुरं घेऊन त्यांच्यातले काही मावळतीला गेले, काही उगवतीला, आणि बोली सोबत नेली. तिकडे तिची ग्रीक, लॅटिन, जर्मन, इंग्रजी झाली. इराणात फारसी झाली. इकडे संस्कृत, आणि पुढे मराठी, गुजराती, आपली अहिराणी. वाटेत भेटेल त्याच्याशी सोयरीक केली, त्याचे शब्दही उचलले. योनासची (मुलाचं नाव योनास) लिथुआनियन तर जुनं फार जपून ठेवणारी. धुराला ते दूमास म्हणतात, अग्नीला उग्निस, दाताला दांतिस, देवाला दिएवास. त्याने हे पहिल्यांदा म्हणून दाखवलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला, खोटं नाही सांगत.

हे भाऊबंदांना पटवायचं तर वंशवृक्ष पाहिजे, म्हणून नंदुरबारला फ्लेक्स छापायला टाकला. ज्या भाषा आज कुणी बोलत नाही त्यांच्यापुढे मी कंसात ‘मृत’ लिहिलं होतं. फ्लेक्सवाल्याने हित्ती, तोखारी, लॅटिन अशी ओळीने मयत नावं पाहिली आणि सवयीने वर समई, खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ आणि ‘शोकाकुल : समस्त पाटील परिवार’ टाकून दिलं. मी चष्म्याशिवाय तो दारावर बांधला. सकाळी दोघे जण पांढरी टोपी घालून दुखवट्याला बसायला आले, आणि शेजारच्या कौसाबाईने डोळ्याला पदर लावून विचारलं, की हित्तीबाई इतक्या आजारी होत्या हे आम्हाला कळवलं का नाही.

तरी संध्याकाळी भाऊबंद जमले. मी तासभर बोललो. घोडे सोडले, गाड्या हाकल्या, योनासला थेट आपल्या ओट्यापर्यंत आणलं आणि म्हणालो, हा परका नाही, आपल्याच मूळ घरातून निघालेला आहे. सगळ्यांच्या माना डोलल्या. सर्वांत वडील हेमकांतआबा डोळे मिटून ऐकत होते. ते शांतपणे म्हणाले, “गिरधर, मंग तो ते आपला भाऊबंदच व्हयना. भाऊबंदले पोर देतस का रे?”

ताई, मला घाम फुटला. पोर सोयऱ्याला देतात, भाऊबंदाला नाही, हे मला का माहीत नाही? पण बोलण्याच्या भरात सुचलंच नाही. मग भाषा एक म्हणून रक्त एक नसतं, भाषा शेजाऱ्याकडूनही उचलतात, असं परोपरीने सांगितलं. पण तासभर ज्याने नातं जोडलं त्याचंच आता कोण ऐकणार? समोरच बसलेल्या योनासला सगळ्यांनी प्रेमाने जवळ घेतलं, बांधाच्या भांडणात त्याचं मतही विचारलं (आपल्याकडे घरचा माणूस झाल्याची खूण दुसरी नाही), आणि लग्न मोडल्यात जमा झालं. रुपा आधी पोट धरून हसली. दुसऱ्या दिवशी मात्र ताटावरून उठली आणि म्हणाली, “पप्पा, त्याले परकाच ऱ्हाऊ देतात ते बरं व्हतं.” माझी पोर माझ्याशी असं कधी बोलली नव्हती. मला फार वाईट वाटलं.

बाकी सर्व ठीक. दाजींना नमस्कार सांग, गुडघ्यांना जप.

तुझा,
गिरधर

ता. क. : अडचण आबांनी काढली, वाटही त्यांनीच दाखवली. सोयऱ्यांनी मुलाला मांडीवर घेतलं तर तो त्यांच्या घरचा होतो, मग आपला भाऊबंद राहत नाही. आणि आपले सर्वांत जवळचे सोयरे तुम्हीच. तुला मूल नाही, हे मी कधी तोंडावर आणलं नाही. आज लिहितोय, रागावू नकोस. तू आणि दाजी योनासचे आईबाप म्हणून उभे राहाल का? मामाची पोर आतेभावाला दिलेली तर आपल्यात चालतेच.

ता. क. दुसरा : पाकीट चिकटवताना रुपाने सांगितलं, की योनास परवा एकटाच एसटीने शहाद्याला तुझ्याकडे येऊन गेला. तू त्याला एकही पिढी विचारली नाहीस. फक्त “तुन्ही माय शे का?” एवढं त्याच्या आईबद्दल विचारलंस. भाषांतराला कुणी नव्हतं, तरी त्याला कळलं. त्याने मान हलवून नाही म्हटलं, आणि तू त्याला समोर बसवून पोटभर जेवू घातलंस. म्हणजे मी जे मागायला बसलो ते तू कधीच देऊन मोकळी झालीस. ताई, आजवर लहान भाऊ म्हणून तुझ्या पाया पडलो. आता मुलाची आई होऊन ये. विहिणीचे पाय धुवायला मी दारात तांब्या घेऊन उभा आहे.