नळाचं गुलाबी पाणी

भवानी पेठ, सोलापूर
मे १९७४, मंगळवार संध्याकाळ

काल नळाला गुलाबी पाणी आलं. गल्लीच्या तोंडाशी नरसय्या सूत रंगवतो. त्याचं रंगाचं पाणी गटारात जातं आणि आमच्या नळाचा पाइप त्याच गटारातून आलाय. कुठंतरी फुटला असणार, दुसरं काय? गल्ली मात्र हसली. शेजारची गंगू म्हणाली, "आबा, सरबत आलंय की, प्या!" सगळ्यांनी घागरी ओतून दिल्या.

आज नरसय्याचं काम बंद. पाणी स्वच्छ आलं आणि सगळ्यांनी खुशाल भरून घेतलं. मी ओरडतोय, अरे, पाइप तोच, गटार तेच, फक्त रंग नाही! सून म्हणाली, "मामंजी, बघा की, काचंवानी पाणी हाय."

तेच तर. गुलाबी होतं म्हणून काल कळलं तरी. गटारात संडासाचंही पाणी जातं, त्याला कोण रंग देतं? पण चौथी शिकलेल्या म्हाताऱ्याचं कोण ऐकणार?

नात दोन वर्षांची, परवाच जुलाबातून उठलीय. शेवटी सुनेनं तिच्यापुरतं पाणी उकळलं. "रॉकेल संपलं की मला बोलू नका," म्हणाली. नाही बोलणार.

जरा बरं वाटलं. मग बघतो तर पोर गंगूच्या उंबऱ्यावर बसून घटाघटा पाणी पितेय. मी पोचेपर्यंत पेला रिकामा. गंगू कौतुकानं म्हणाली, "लई तान लागली हुती की हो तिला!"

तिला काय बोलू? तिनं मायेनंच दिलं. आता पोर समोर खेळतेय आणि मी तिच्या पोटाकडं बघत बसलोय.