सहावी मूठ

बुधवारा, बऱ्हाणपूर
मंगळवार, ६ ऑगस्ट १९५७

प्रिय उखर्डू,

भुसावळच्या लोकोशेडमध्ये तू ‘अनंतराव’ झालास असं कानावर आलं. झालास ते बरंच केलंस, पण माझी लेखणी तिकडे वळत नाही. तुझ्याआधीची दोन गेली म्हणून मायने तुला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवून परत उचललं होतं. ते नाव नजर लागू नये म्हणून होतं. बाहेरच्यांची नजर त्याने टळली. घरातल्यांच्या जिभेवर त्याचा इलाज नव्हता. नऊ वर्षांत मी तुला एक कार्ड टाकलं नाही. गाडीने दीड-दोन तासांची वाट, आणि आपण असे राहिलो की जणू मध्ये समुद्रच आहे. आता तर सरकारने राज्यंही नव्याने वाटून दिली: तू मुंबई राज्यात, आम्ही नव्या मध्य प्रदेशात. आम्ही जागचे हललो नाही, राजधानीच नागपूरहून उठून भोपाळला गेली. मी तोच मास्तर, शाळा तीच. फक्त परिपत्रकं आता भोपाळहून येतात आणि पूर्वीसारखीच न वाचता फायलीत जातात.

तुला ठाऊक नसेल म्हणून सांगतो, निंबोल्याची आपली कापसाची वखार आता वखार राहिली नाही. बाप गेला, गावाने केळी धरली, जो काही कापूस उरला तो परस्पर शहरातल्या जिनिंग कारखान्यांकडे जाऊ लागला. वखारीत वटवाघळं आणि वर्षातून एकदा श्रावणात बसणारी कानबाईमाता, एवढेच भाडेकरू उरले होते. गेल्या दिवाळीनंतर विकास खात्याचे एक साहेब जीपमधून उतरले आणि म्हणाले, “मास्टरजी, गाँव को केंद्र चाहिए, और केंद्र को मकान.” असं गणित मांडल्यावर उत्तर आपली वखारच येणार. आता दारावर पाटी आहे, ‘सामुदायिक केंद्र एवं अतिथि भवन’. अर्धी गावासाठी: रेडिओ, शिवणाचं एक यंत्र, अकरा पुस्तकांचं कपाट. मध्ये भिंत घालून उरलेली अर्धी पाहुण्यांसाठी: दोन खाटा, मच्छरदाणी, आरसा. असीरगड बघायला लांबलांबचे लोक येतील आणि वाटेत निंबोल्याला मुक्काम करतील असं साहेबांचं म्हणणं. पंडितकाका ऐकून म्हणाले, “साहेब, निंबोल्याले तं जावईबी दुसऱ्या दिशी पयतो.” पाहुण्यांच्या अभिप्रायाची वही मात्र आली आहे. तीत आजवर एकच सही आहे, आरसा बसवणाऱ्या सुताराची. अभिप्रायाच्या रकान्यात त्याने लिहिलंय, ‘आरसा बसवला.’ त्या वहीतला तो अजून तरी एकमेव खरा मजकूर आहे. येत्या पंधरा ऑगस्टला उद्घाटन. मी या केंद्राचा चिटणीस आहे. हसू आलं असेल तर हस. मला बराच काळ कोणी हसलेलं नाही.

‘पाहुणे’ हा शब्द मी हल्ली दिवसातून वीस वेळा लिहितो, आणि प्रत्येक वेळी हात अडखळतो. कारण त्याच वखारीत, अठ्ठेचाळीसच्या श्रावणात, तू वंदनाला घेऊन आला होतास. आठ दिवसांचं लग्न, परजातीची मुलगी, आणि नेमका कानबाईचा रविवार. तिने डोक्यावरून पदर घेतला होता, आत्या-काकूंबरोबर फुगडीसुद्धा धरली होती. पानं मांडली. तिच्या पानात नैवेद्याचा रोट, ती गव्हाची जाड भाकर, वाढायला मायने हात पुढे केला आणि मी म्हणालो, “पाहुण्यांना रोट देत नाहीत.” बस, एवढंच. नियम तोच आहे, कानबाईचे रोट घरच्यांनीच खायचे, लग्न होऊन गेलेली लेकसुद्धा खात नाही. मी फक्त नियम सांगितला, असं मी नऊ वर्षं स्वतःला सांगतो आहे. वंदना पानावरून उठली. तू तिच्या मागे उठलास. माय हातात रोट घेऊन तशीच उभी होती. पुढे गावात बोलणं झालं की म्हातारीने सून नाकारली. मी ते कधी खोडलं नाही. आपल्या जिभेची करणी दुसऱ्याच्या नावावर चालली असली की माणूस फार नम्र होतो.

पुढल्या वर्षीपासून तुझी मूठ निघेना. आपल्या घरची रीत तुला सांगायला नको: घरात जेवढे पुरुष तेवढ्या सव्वा-सव्वा मुठी गहू, एकेकाचं नाव घेऊन मायने सुपात टाकायचे, रंभाआत्याने दळायचे, आणि नावागणिक एक रोट. मेलेल्याची मूठ निघत नाही. माय पंडितकाकांचं नाव घ्यायची, माझं, माझ्या सुरेशचं, दिगंबरचं, आणि पुढे धाकटा झाल्यावर त्याचं. तुझं नाही. आम्ही ऐकून घेतलं. दुसरं एक व्हायला लागलं, त्याची मी थट्टाच केली: रोट जड होऊ लागले. एकेक असा की खाल्ल्यावर दुपारभर पाठ टेकून पडावं. मी म्हणायचो, “माय, हा रोट आहे की जात्याची तळी?” ती म्हणायची, “दात पडले का मास्तर? मंग गुमान खा.”

मग गेल्या थंडीत पटवारी आले, वखार सरकारला द्यायच्या कागदासाठी. ओसरीवर बसून त्यांनी विचारलं, घरात पुरुष किती, नावं सांगा. मी म्हणालो, पाच. कुठल्याही घरात हा प्रश्न आला तर माणूस बोटं मोडून मोजेल. आमच्या घरात मुठी मोजतात, आणि मुठी पाच होत्या. त्यांनी पाच नावं लिहिली. चूक म्हणावी तर चूक. पण पटवारी त्यानंतर अर्धा तास चहा पीत केळीच्या भावाबद्दल बोलत होते, आणि त्या अर्ध्या तासात मला सहावं नाव आठवलं नाही असं मी म्हटलं तर ते तूही मानणार नाहीस. ते गेल्यावर मायने विचारलं, “किती नावं घातली?” मी सांगितलं. ती चुलीशी जाऊन बसली, आणि पेटत्या चुलीत फुंकर घालत राहिली.

चैत्रात ती गेली. तू तापीच्या राजघाटावर आला होतास. पायऱ्यांच्या टोकाशी, परक्यासारखा. मी पाहिलं होतं. अग्नी दिल्यावर वळलो तोवर तू नव्हतास. आणि जेठात केंद्राच्या दारात दगड बसला: ‘भूमि एवं भवन दाता’, खाली पाच नावं. माझा धाकटा सहा वर्षांचा आहे, त्याला अजून नाडी बांधता येत नाही; तो दाता आहे. तू नाहीस. मी गवंड्याला विचारलं, खाली एक ओळ बसेल का? तो म्हणाला, “मास्टरजी, पत्थर खतम हो गया.”

या वर्षी मायवाचून पहिली कानबाई. स्वतःच्या वखारीत कानबाई बसवायला मला चिटणीस म्हणून माझ्याच नावे अर्ज करावा लागला आणि मीच तो ‘सांस्कृतिक कार्यक्रम’ म्हणून मंजूर केला. शनिवारी सकाळी तुझी वहिनी गोदा गहू काढायला बसली. पाच नावं घेऊन पाच मुठी टाकल्या आणि सूप आत्याकडे सरकवलं. आत्याने सूप हातावर तोललं आणि परत ठेवलं. म्हणाली, “हे कमी हाय.” गोदा म्हणाली, “मोजून टाकले, आत्याबाई. पाच.” आत्या म्हणाली, “नाव पाचच घे. मुठी सहा टाक. तुही सासू तशीच टाके.”

मी दारात होतो. तुला आत्या माहीत आहे; बापाची बहीण, तीस वर्षं आपल्या घरात राहून आपले गहू दळते, पण कूळ सासरचं म्हणून आपला रोट तिने कधी तोंडात घातला नाही. मी म्हणालो, मला तर कधी दिसलं नाही. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “तू खात होता ना. खानारा मोजत नाई. ज्याले भेटत नाई, थोच मोजत बसते.” आणि पुढे म्हणाली, “सगळ्यायचे नाव होयले का थे डोये मिटे अन् एक मूठ मुक्यानं टाके. तुह्या भेवानं नाव नाई घेतलं तिनं. मूठ नाई सोडली.”

माझ्या भयाने, उखर्डू. विधवा बाई, थोरल्याच्या घरात, त्याच्या जिभेला भिऊन पोराचं नाव पोटात ठेवून गहू टाकत होती. आणि रोट जड का होते ते मला शनिवारी कळलं. सहाव्या मुठीचं पीठ पाच रोटांत जिरवायची ती. आठ श्रावण आम्ही सगळे तुझा वाटा थोडाथोडा वाटून खात होतो, आणि वरून थट्टा करत होतो की फार जड लागतो.

आता हे पत्र का लिहिलं ते. वखारीत तुझा हिस्सा होता, तो मी दिला. तो परत आणता येत नाही. दगडावर जागा नाही. पण रविवारी मी सहा नावं घेतली, मोठ्याने, पंडितकाकांसमोर आणि अख्ख्या निंबोल्यासमोर. सहा रोट झाले, हलके झाले. सहावा बुधवाऱ्यात आमच्या देवघरात झाकून ठेवला आहे. पोस्टाने पाठवला असता, पण रोट घरच्यांच्या हाताबाहेर जात नाही हे तुला माहीत आहे. वंदनाला आण, तिला मी वाढीन, ती पान लोटून देईल तर तेही बघीन. तुला मुलगी झाली म्हणतात, कुसुम. कुवार आहे, तिलाही चालतो. पाहुण्यांची खोली तयार आहे, खाटा कोऱ्या आहेत, पण तिथे उतरायचं नाही. येत्या शनिवारी पौर्णिमा. त्या दिवशी सूर्य मावळेपर्यंत घरच्यांनी रोट संपवायचा, नाहीतर तापीत सोडायचा. काका म्हणतात, वाया कशाला घालवतो, तूच खाऊन टाक. नाही. तू आला नाहीस तर मी तो राजघाटावर, तू उभा होतास त्या पायरीवरून सोडेन. आता माझ्याने तो खाल्ला जाणार नाही.

तुझाच थोरला,
विनायक