सोजरबाईचं गाठोडं

६ फेब्रुवारी २०१७, सोमवार. सकाळी ७.१०
आजपासून ही वही एकाच कामासाठी. सोसायटीच्या भिंतीला ताडपत्री लावून बसलेलं जोडपं हटवणे. नवरा गेनबा, बायको सोजरबाई. (नावं वॉचमन जयसिंगकडून.) मुदत महिनाअखेर. माझा वैयक्तिक राग अजिबात नाही, प्रश्न तत्त्वाचा आहे. विमा ऑफिसात एकतीस वर्षं क्लेम सेक्शन सांभाळलाय. खोटा क्लेम मी नुसत्या अक्षरावरून ओळखायचो.
मंदाकिनीला योजना सांगितली. ती म्हणाली, "अहो, पण भाजी आणणार आहात ना?"

८ फेब्रुवारी. दुपारी ४
गॅलरीतून निरीक्षण. दुर्बीण उत्तम. गेनबा दिवसभर आडवा. म्हणजे आळशी. पायाला फडकं. ते सहानुभूतीसाठी. सोजरबाई चार घरची धुणीभांडी करते म्हणे. मग खोली का घेत नाही?
एवढ्यात तिने वर बघितलं. "काय बघतो रं? शिनेमा लागलाय का हितं?" अख्ख्या बिल्डिंगने ऐकलं. मी लगेच कपडे वाळत घालायला लागलो. कपडे वाळलेलेच होते.

१० फेब्रुवारी. सकाळी ९
चोरी! काल हास्यक्लबहून आलो तेव्हा वॉकिंग शूज दारात काढले होते. आज बघतो तर त्या जागी तसलेच, पण झिजलेले. नवे न्यायचे, जुने ठेवायचे. नवीन पद्धत आहे ही.

१० फेब्रुवारी. सकाळी ११
समोरासमोर जाब विचारला. गेनबा म्हणाला, "पायात चप्पल बी जात न्हाई साहेब, बूट कुटला जातोय?" आणि फडकं सोडून पाय पुढे केला. मी बघितलं नाही. चौकशी करणाऱ्याने भावनेत अडकायचं नसतं.
सोजरबाई माझ्यादेखत नवऱ्याला म्हणाली, "ह्यो म्हातारा दिसभर गेटावर हुभा असतो. येवढं घर हाय, पर आत घेत न्हाईत जनू."
घरी येऊन मंदाकिनीला सांगितलं. ती बराच वेळ हसत होती. मला त्यात विनोदी काही आढळलं नाही.

१३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ९.४०
मोहीम फत्ते! नऊ वाजता दोघं रिक्षाने कुठेतरी गेले. (रिक्षा परवडते!) ताडपत्रीखाली गाठोडं होतं. बूट त्यातच असणार म्हणून सोडून बघितलं. दोन लुगडी, एक पातेलं, प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद. बूट नाहीत. म्हणजे विकले. तेवढ्यात घंटागाडी आली. गाठोडं स्वतःच्या हाताने टाकलं. स्वच्छतेची सुरुवात आपल्यापासून करावी. अंग कसं हलकं वाटतंय. जेवणात श्रीखंड मागितलं. मिळणार नाही म्हणे.

१३ फेब्रुवारी. संध्याकाळी ६
गेटवर सोजरबाईचा आरडाओरडा. रेशनकार्ड, दोघांची आधारकार्डं, दवाखान्याचे कागद, सगळं गाठोड्यात होतं म्हणे. गेनबाला शुगर आहे, अंगठा सडलाय, गुरुवारी ऑपरेशन. कार्ड दाखवलं तरच फुकट. आज तपासणीलाच गेले होते.
"कागुद तरी ठेवायचे हुते रं! मुडद्यांनो, तुमाला आमची भांडी बी पुरत न्हाईत व्हय?"
मुडद्यांनो म्हणजे आम्ही. एकशेवीस फ्लॅटच्या लोकांना चोर ठरवते!
मी गेटच्या आतून शांतपणे म्हणालो, "रस्त्यावर राहणाऱ्यांकडे कसले आलेत कागद?"
नोंद: पिशवीतले कागद मी वाचले नव्हते. कोरेही असू शकतात.

१५ फेब्रुवारी. दुपारी १२
क्लबातल्या शरच्चंद्रचा फोन. त्याच्याकडे माझे बूट आहेत, त्याचे माझ्याकडे असावेत. गेल्या गुरुवारी लाफ्टर योगासाठी सतरंजीवर सगळ्यांनी बूट काढले होते, तेव्हा मी त्याचे घालून आलो. शरच्चंद्र फारच बेफिकीर माणूस आहे. स्वतःच्या वस्तू सांभाळता येत नाहीत.

१६ फेब्रुवारी, गुरुवार. दुपारी १
चौकीतून हवालदार आले. सोजरबाईने माझं नाव घेऊन तक्रार केलीय. मी रोज किती वाजता गॅलरीत येतो, किती वाजता गेटवर, कुठल्या रंगाची बंडी असते, सगळं सांगितलंय तिने. म्हणजे ती माझ्यावर पाळत ठेवत होती! केवढी निर्लज्ज बाई.
मी विचारलं, "पुरावा काय?"
मंदाकिनी हवालदारांना चहा घेऊन बाहेर आली. म्हणाली, "मी गॅलरीत होते. यांनीच टाकलं." मग मला विचारलं, "तुम्हाला साखर घालू का?"
हवालदार म्हणाले, "काका, गुन्हा नोंदवू, का कागद काढून देताय?"
मी मोठ्या मनाने दुसरा पर्याय स्वीकारला.

२२ फेब्रुवारी. संध्याकाळी ५
आधारची नवी प्रत निघाली, ते सोपं होतं. रेशनकार्डाच्या ऑफिसात तिसरी खेप. सोजरबाई बाकाच्या पार दुसऱ्या टोकाला बसते. मी शेजारून गेलो की पदराच्या गाठीवर हात ठेवते. मला बघून! मी, एकतीस वर्षांत एक पेन्सिल घरी आणली नाही.
बोलली एकदाच. "ऱ्हाऊ द्या म्हनलं न्हाई तुमाला. निस्तं नजरंआड व्हा म्हनत हुतो." हे खरं तर मी त्यांना म्हणणार होतो.

२७ फेब्रुवारी, सोमवार. दुपारी ३
ऑपरेशनची गुरुवारची तारीख गेली ती गेलीच. डॉक्टर म्हणतात, अंगठ्यावर भागलं असतं, आता पाऊल काढावं लागेल. जयसिंगने सांगितलं. ही वैद्यकीय बाब आहे. दहा दिवसांच्या उशिराने असा फरक पडतो हे कागदोपत्री सिद्ध व्हायला हवं. मी सेक्शनमध्ये असतो तर हा क्लेम लगेच नामंजूर केला असता.
जेवण गेलं नाही. पित्त असावं.
मंदाकिनी रोज डबा करून जयसिंगच्या हाती दवाखान्यात पाठवते. मला विचारलंही नाही.

२ मार्च, गुरुवार. दुपारी १२.३०
रेशनच्या ऑफिसात सांगितलं, हे इथे राहतात असं परिसरातल्या एका जबाबदार नागरिकाने लिहून द्यावं. सोसायटीत कोणी तयार होईना. माझेच शब्द मला ऐकवले, की एकदा लिहून दिलं की हे कायमचे बसतील.
शेवटी मीच लिहिलं. "गेनबा व सोजरबाई हे आमच्या सोसायटीच्या भिंतीलगत सहा वर्षांपासून राहत आहेत. मी त्यांना व्यक्तिशः ओळखतो."
सोजरबाईला वाचता येत नाही, म्हणून क्लार्कने मोठ्याने वाचून दाखवलं. तिने नीट ऐकलं. मग खिडकीशी वाकून म्हणाली, "साहेब, पर ह्यो मानूस चोर हाय. ह्याची सही चालंल का?"
क्लार्कने मान वर न करता विचारलं, "यांचं आधार आहे ना?"
मी माझं कार्ड पुढे केलं, तशी ती म्हणाली, "हाय."
"मग चालेल."
सही केली.