परशरामचा आवाज

ता. १० जाने. ५७, नागपूर
काल परशरामचं गाणं टेपवर झालं. माहं नाही. गाडीच्या धुरानं गळा बसला, सा बी लागेना. जलमभर एका सतरंजीवर बसून भजन म्हणतो आमी दोघं, अन् तबकडी काढायच्या वक्ती मीच मुका.
यंत्रावरचे साहेब भले माणूस. म्हणाले, "दोघांनी एकदमच गायला हवं असं नाही. आज यांचा आवाज घेऊ, तुमचा गळा सुटला की तो त्याच्यावर चढवू."
परशराम सायंकाळच्या गाडीनं परत गेला. वांग्याले पाणी द्यायचं होतं. त्याची बायको, कौसावहिनी, एकटी मोट कशी हाकीन. जाताना म्हणे, "किसना, आता तू सांभाळ."

ता. १२
गळा सुटला. कानाले डबे बांधून मले बसवलं. डब्यात परशराम एकटा गाऊन राह्यला होता.
आजवर त्याले बाजूनंच ऐकलं, तेही माह्या आवाजातून. आज पहिल्यांदा नुसता ऐकला. वर जाताना जोर लावणं नाही, खाली येताना घाई नाही. अन् आमच्या गावात, धनजात, बुवा मले म्हणतात.
साहेबांच्या टेबलावर खुट्यांची पेटी. एक खुटी माह्या आवाजाची, एक परशरामच्या टेपची. दोन्ही मिसळून दुसऱ्या टेपवर जाते. म्हणाले, "ठीक वाटतं का?"
म्हटलं, "मागचा जरा कमी करा."
केला. "आता?"
"अजून."
माह्याकडे पाहत राह्यले. "पण मधलं कडवं त्यांचं आहे ना?"
"तेही मीच म्हणतो."
"एकदा मिसळलं की वेगळं काढता यायचं नाही, बुवा."
म्हटलं, चालते.
असं म्हटलं मी. चालते.

ता. १३, गाडीत
निघताना इचारलं, परशरामची पहिली टेप कोठं हाय. तिच्यावर सकाळीच दुसऱ्या कोणाचं गाणं घेतलं म्हणे. पुसून पुन्हा वापरतात.
मूर्तिजापूरले गावाकडची छोटी गाडी लवकर न भेटो असं वाटते.

ता. २१ मार्च, गुरुवार
तबकडी आली. मारुतीच्या देवळात फोनो लावला. अख्खं गाव. कौसावहिनी नवं लुगडं नेसून पुढं बसली होती. गाणं संपलं, सुई खरखर करू लागली, तरी वहिनी कान देऊनच. मंग मले म्हणे, "भाऊजी, याहीचं गाणं कधी लागते?"
परशरामच बोलला. "मागून गुणगुण आयकू येते ना, तो मीच."
लोक हासले. तोही हासला. मी बी.

ता. ४ एप्रिल, गुरुवार
परशराम भजनाले आला नाही. मागच्या गुरुवारी बी नाही. माणसं मलेच इचारतात. वावरात काम असन म्हटलं.

ता. ५
कौसावहिनी पोलकं शिवायले माह्या शिवणाच्या दुकानात आली. माप देताना यमुनेजवळ, माह्या बायकोजवळ, मोकळं बोलली. "मोटेवर बी गात नाही ते आता. बैल आवाजाबिगर चालून नाही राह्यले. म्हणतात, साहेबानं नीट ऐकूनच मले मागं टाकलं. मशीनले कोणाची भीड?"
मी शिवणयंत्र फिरवत राह्यलो. सुईत दोरा नव्हता.

ता. ७
सांगायले गेलो. परशराम वांगी तोडत होता. मले पाहून म्हणे, "तुहं नाव झालं किसना. मले बरं वाटलं, खरंच." अन् माह्या दुपट्ट्यात वांगी बांधून देली. घेऊन आलो. घेऊन आलो मी.
यमुनेनं भरीत केलं. "तुमी काहून जेवून नाही राह्यले?" ऊन लागलं म्हटलं.

ता. १४
आज सांगतलं. बांधावर उभ्यानंच. साहेबानं काही नाही केलं, मीच सांगून तुहा आवाज कमी करवला. तुहं कडवं बी मीच म्हटलं. तुहा आवाज चांगला होता म्हणून.
परशरामनं खुरपं खाली ठेवलं नाही. इचारलं, "साहेबानं तुले टोकलं नाही?"
"टोकलं."
"तरी?"
"तरी."
एक ओळ खुरपून काढली. मंग म्हणे, "मले वाटलं माहा गळाच गेला. घरात कोणी नसताना म्हणून पाहायचो, तं मलेच वाईट लागे."
मी खाली बसलो. पाया पडायचं होतं, पण त्याले ते बी अवघड झालं असतं.
"मले सांगून काय होते, किसना. कौसाले सांग. देवळात हासले त्याहिले सांग."

ता. १५
कौसावहिनीले सांगतलं. पाण्याचा गडू माह्या हातात देणार होती. तो खाली ठेवला अन् आत गेली.
यमुनेले बी सांगतलं. ते म्हणे, "तरीच." तरीच काय, हे इचारायची हिंमत नाही झाली.

ता. १८, गुरुवार
भजनाच्या आधी देवळात उभं राहून सगळं बोललो. कोणी शिवी देली असती तं बरं वाटलं असतं. म्हाताऱ्या टाळकऱ्यानं नुसतं म्हटलं, "बरं. सुरू करा आता."
परशराम आला होता. माह्या बाजूले नाही, पार मागं, दाराजवळ बसला. हातात टाळ.
तेच भजन घेतलं मी. त्याचं कडवं आलं तसा गायचा थांबलो. पेटी चालू ठेवली. एक आवर्तन गेलं. कोणी मागं वळून पाहिलं नाही. मी बी नाही. टाळ वाजत होता त्याचा, ठेक्यात.
दुसरं आवर्तन गेलं. मी वाट पाहत पेटी वाजवत राह्यलो.