माझ्या नावावरच्या गोळ्या

मी, शिलाई मशीनवर पोट भरलेली, नवरा गेलेली, मूलबाळ नसलेली बाई, माझ्या मागे काय कोणाचे व्हावे ते या कागदावर स्वतःच्या हाताने लिहीत आहे. खोकला सोडला तर डोके ठिकाणावर आहे. मला कोणी धमकावलेले नाही की फूस लावलेली नाही. मला फूस लावणे किती जड जाते, ते माझ्या दिराला विचारावे.

१. घरातला माझा निम्मा हिस्सा धाकट्या जावेला द्यावा. तिचा नवरा, म्हणजे वरील दीर, आम्ही दोघी खोकायला लागल्यावर "चार दिवस" म्हणून मित्राकडे राहायला गेला, तो गेलाच. त्याला दारामागची छत्री द्यावी. ती न्यायला तरी येईल, आणि बायकोचे तोंड बघेल.

२. मशीन, कातरी आणि बॉबिनचा डबा पुतणीला. मशीनचा पट्टा जरा सैल आहे, तो तसाच असू द्यावा.

३. हॉस्पिटलने आम्हा दोघी जावांना क्षयाच्या नव्या औषधाच्या अभ्यासात घेतले. नेहमीची औषधे दोघींना होतीच, त्यावर ही नवी गोळी. कोणाच्या पेटीत खरे औषध, कोणाच्या पेटीत तशीच दिसणारी पोकळ गोळी. कोणाला काय, ते डॉक्टरांनाही ठाऊक नसते म्हणे. आमच्या घरात साबणाची वडीसुद्धा दोऱ्याने कापून निम्मी निम्मी होते, नाहीतर भांडण ठरलेले. आम्ही दोन्ही पेट्या परातीत ओतल्या, कालवल्या आणि वाटून घेतल्या. जन्मभर एकमेकींना पाण्यात पाहिले, पण एकीने जगावे आणि दुसरीने बघत बसावे हे दोघींनाही पटेना.

रक्ताच्या तपासणीत ते उघडे पडले. डॉक्टर चिडले नाहीत, डोके धरून बसले. "मावशी, निम्म्या औषधानं हा आजार मरत नाही, शहाणा होतो." मग पेट्यांचे गुपित उघडले. खरे औषध माझ्या पेटीत होते. ते मध्येच तोडता येत नाही म्हणून माझे चालू ठेवले आणि जावेचे नाव कापले.

"तिला कधी मिळेल?" मी विचारले.

"बाजारात आलं की. काही वर्षं जातील."

"तेवढी फुप्फुसं तिच्याकडे आहेत का, साहेब?"

त्यांनी पुढच्या पेशंटचा कागद ओढला. वाईट माणूस नाही तो, पण त्या कागदाचा राग माझ्या मनातून जात नाही.

४. माझ्या नावावर येणाऱ्या गोळ्या माझ्यानंतर जावेला द्याव्यात, असे मी लिहिले होते. वकील म्हणाले, "त्या तुमच्या नाहीत, कंपनीच्या आहेत." बरे. पण फुप्फुसे तर माझी आहेत? डॉक्टरांना ती तपासायला हवी आहेत. तिचे औषध चालू करा आणि फुप्फुसे न्या, असे लिहिले. वकील म्हणाले, अशी अट टिकत नाही. तेव्हा अट खोडली आहे. फुप्फुसे फुकट न्या.

५. हे कलम वकिलांना दाखवलेले नाही. डॉक्टरसाहेब, नाव कापले त्या महिन्यापासून मी तुमची एकही गोळी घेतलेली नाही. रक्त द्यायला जिना उतरवत नाही, असा निरोप दर वेळी पाठवते, म्हणून ते उघडे पडले नाही. माझे एक फुप्फुस गेलेले, दुसरे जाण्याच्या वाटेवर. जावेचा डाग लहान आहे. "ताई, तुमच्या तोंडचं काढून मी खाऊ?" म्हणून ती रडली. मी म्हटले, "माझ्या तोंडाला चव कुठे राहिलीय? गीळ मुकाट्यानं." आता ती जिना न थांबता चढते. म्हणून औषध घेऊनही मी मेले, असे तुमच्या अभ्यासात लिहू नका. औषध हरलेले नाही. तिचे रक्त तपासा, आणि तिचा कोर्स निम्म्यावर तोडू नका. मी पाया पडते. आणखी काय करू, ते मला सुचत नाही.

मी जिवंत आहे तोवर पेटी येते. म्हणून रोज सकाळी उठते, नाहीतर उठण्यासारखे काही उरलेले नाही.

६. धाकटे, हे तुला आजच वाचून दाखवणार आहे. मी गेले की लगेच कोणाला सांगू नकोस. दार ओढून घे. आधी हॉस्पिटलच्या खिडकीवर जा, माझं नाव सांग, "ताईंना बरं नाही, मी न्यायला आलेय" म्हण, आणि महिन्याची पेटी घे. तिथे डोळ्यांत पाणी आणू नकोस. घरी ये, एक गोळी घे, आणि मग हवं तेवढं रड.

सही: (मोठी जाऊ)

साक्षीदार, ज्यांनी मला सही करताना पाहिले, मजकूर वाचला नाही:
१. शेजारी राहणारी, हॉस्पिटलच्या वॉर्डातली आया (सही)
२. खालचा घड्याळदुरुस्तीवाला (सही)

ठिकाण: राहते घर, मशीनजवळ
दिनांक: महिन्याचा शेवटचा सोमवार