पानांना वारा लागला

प्रिय एर्लांद,

तुझा निरोप तुझ्या सेक्रेटरीने पोचवला. फोनच करणार होते, पण तू बोलायला लागलास की मी हरते, हे तुलाही ठाऊक आहे. कागदावर मला मध्येच अडवून ‘नीवेस, अगं ऐक तर’ असं तुला म्हणता यायचं नाही. तुझ्या निरोपाचं उत्तर शेवटी देते. आधी जरा घरचं ऐक, कारण हे घर एके काळी तुझंही होतं.

इकडे वर पठारावर, एल आल्तोत यंदा थंडीने कहर केला आहे. अंगणातला नळ ऊन चांगलं वर आल्याशिवाय सुटत नाही. तू शिकायला असताना भाड्याने राहायचास ती खोली मी कुणाला दिलेली नाही. तिथे आता आईचे घागरे टांगलेले आहेत आणि तिच्या गोल टोप्या. शेजारची दोन्या बासिलिया अजून कोपऱ्यावर मक्याची गरम आपी विकायला बसते. गुडघे सुजलेत, चार पावलं टाकली की धाप लागते, पण तोंडाला विसावा नाही. परवा म्हणाली, ‘आपला डॉक्टर टीव्हीत दिसला गं. पोट सुटलंय की मेल्याचं! खाली श्रीमंतांच्या कालाकोतोत बायको बरंच खाऊ घालते वाटतं.’ तू माझ्याशी लग्न केलं नाहीस म्हणून ती तुझ्या बायकोचं नावसुद्धा घेत नाही. माझा तो राग आता राहिलेला नाही. लोणच्यासारखा मुरला आणि मग मी तो खाऊन संपवला. या पत्रातला राग वेगळा आहे, ताजा आहे.

तू आलास तेव्हा काय ध्यान होतास! बेनीच्या सखल, दमट मुलखातून निघालेला, आमच्या उंचावरच्या विरळ हवेत ओठ निळे पडलेला. आईने तुला दारातच बसवलं, कोकाच्या पानांचा काढा पाजला आणि माझ्या कानात म्हणाली, ‘हे पोरगं काही टिकत नाही इथं. पण आहे तोवर पोटभर जेवू दे.’ तू टिकलास. आमचे बर्फात वाळवलेले काळे बटाटे पाहून नाक मुरडणारा तू, पुढे पातेल्याच्या तळाशी राहिलेले खरवडून खायला लागलास. तिला ममिता म्हणायला लागलास. बाजारात तिचं गाठोडं उचलायचास, आणि ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, ‘सांभाळ रे, दोक्तोर, तुझे हात पुढे लोकांच्या काळजाला लागायचेत.’ त्यात आईचा केवढा तोरा होता.

आईचा धंदा तुझ्यासमोरच चालायचा. तरी आज तो मला पुन्हा मांडून दाखवायचा आहे. रस्त्याच्या कडेला विणलेलं फडकं अंथरायचं. गिऱ्हाईकाने आधी प्रश्न विचारायचा, मग आईने कोकाची पानं त्यावर टाकायची. गडद, तकतकीत बाजू वर आली तर शुभ, फिकी बाजू वर आली तर अशुभ. प्रश्न आधी, पानं नंतर, आणि एका प्रश्नाला एकदाच. पण आई काही धुतल्या तांदळासारखी नव्हती. ज्याच्यावर तिचा जीव, त्याच्यासाठी ती बिनदिक्कत लबाडी करायची. तू प्रत्येक परीक्षेआधी तिच्यापुढे मांडी घालून बसायचास. पानं उलटी पडली की आई ती झटकन गोळा करायची, ‘वारा लागला,’ म्हणायची आणि पुन्हा टाकायची. दारं-खिडक्या बंद असलेल्या खोलीत कसला आलाय वारा! पण पानं सुलटी पडेपर्यंत तो लागतच राहायचा, आणि तू हसत हसत परीक्षेला जायचास. माझ्या गणिताच्या परीक्षेला पानं उलटी पडली, तेव्हा मात्र तिने ती तशीच राहू दिली. ‘अभ्यास कर,’ एवढंच म्हणाली. लोक म्हणतात, आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. आमच्या घरात बाब्या बाहेरून आलेला होता.

मग तू हृदयाचा मोठा डॉक्टर झालास आणि मी विद्यापीठात आकडे मोजणारी. कमकुवत हृदयावरची ती नवी गोळी बाहेरच्या कंपनीने आणली, तेव्हा चाचणीचा प्रमुख तू होतास आणि हिशेब माझ्याकडे होता. डोंगरावरची इस्पितळं, खालच्या मैदानातली इस्पितळं, निम्म्यांना नवी गोळी, निम्म्यांना जुनी. निकाल आला तो सरळ होता. नवी गोळी जुनीहून बरी नाही. वाईट वाटलं तरी ते उत्तर होतं. पण तू माझ्या टेबलाशी खुर्ची ओढून बसलास. ‘पुरुष वेगळे काढ. बायका वेगळ्या काढ. आता म्हाताऱ्या काढ. साखरेचा आजार असलेले बघ. बरं, वरचे आणि खालचे बघ.’ मी फोडी करत गेले आणि तू चाखत गेलास. आणि एका फोडीला गोडी लागली. डोंगरावर राहणाऱ्या, साठी उलटलेल्या बायका. त्यांच्यात नवी गोळी घेणाऱ्या जास्त जगल्या होत्या. तू टेबलावर हात आपटलास. ‘बघ! विरळ हवा, बाईचं रक्त, उतारवय! सगळं जुळतंय!’ निकाल पडल्यावर कारण सापडायला किती वेळ लागतो रे? मला ते कधीच अवघड वाटलेलं नाही.

मी तुला समजावलं. म्हटलं, कुजक्या बटाट्याचं पोतं असलं तरी पुरेशा फोडी केल्या की एखादी पांढरीशुभ्र निघतेच, म्हणून पोतं विकत घेऊ नये. तुला पटेना, तेव्हा मी एक थट्टा केली. रोगी आठवड्याच्या कुठल्या वारी दाखल झाले, त्यावरून फोडी करून दाखवल्या. मंगळवारी दाखल झालेल्यांना तुझ्या म्हाताऱ्यांपेक्षाही जास्त फायदा दिसत होता. मंगळवारी लग्न करू नये, प्रवासाला निघू नये, असं आपल्याकडे पोरंसोरं सांगतात, आणि तुझी गोळी नेमकी मंगळवारी लागू पडत होती! तू पोट धरून हसलास. म्हणालास, ‘मंगळवार हा योगायोग आहे, नीवेस. डोंगर हा योगायोग नाही.’ मी विचारलं, ‘हे तुला कुणी सांगितलं?’ तू म्हणालास, ‘अनुभवाने.’ तुझ्या लेखावर मी माझं नाव घालू दिलं नाही. तू तो माझ्या नावाशिवाय छापलास, आणि गोळीला आमच्या उंचावरच्या म्हाताऱ्यांसाठी मान्यता मिळाली.

आता आईकडे येते. तिचं हृदय तोवर थकलं होतं, पण जुन्या गोळीवर तिचं बरं चाललं होतं. फडकं अंथरत होती, भांडत होती, सणाला नाचत होती. तू वर आलास, तिच्या खाटेवर बसलास आणि म्हणालास, ‘ममिता, ही गोळी जणू तुझ्याचसाठी बनवली आहे.’ मी नको म्हटलं. भांडले. आईने मला गप्प केलं. ते शब्द माझ्या कानातून अजून गेलेले नाहीत. म्हणाली, ‘जन्मभर इस्पितळाच्या दारात मला सांगत आले, बाजूला सर बाई, घागरेवाल्यांची रांग तिकडे. आज पहिल्यांदा एक औषध म्हणतंय, घागरेवालीच पाहिजे, म्हातारीच पाहिजे, वरचीच पाहिजे. आणि तू आडवी येतेस?’ बाजारात तिनेच त्या गोळीचं नाव ‘आयांची गोळी’ ठेवलं. बासिलियाला तिनेच तुझ्याकडे पाठवलं. तुझ्या लेखातल्या कुठल्याही वाक्यापेक्षा तिचा तो अभिमान जास्त खरा होता, आणि तुझ्या हातून तो खोट्या गोष्टीवर खर्च झाला. याचाच मला सगळ्यात जास्त संताप येतो.

त्या हिवाळ्यात ती सकाळी फडकं झटकायला उभी राहिली आणि तशीच खाली बसली. पानांची पिशवी सोडायचीही राहिली होती. खांदा द्यायला तू आलास, पोरासारखा हुंदके देऊन रडलास, आणि कबरीपाशी मला म्हणालास, ‘वयच झालं होतं, नीवेस.’ तुझ्या गोळीने माझी आई नेली, असं मला ठामपणे म्हणता येत नाही. हजार माणसांचा हिशेब मला करता येतो, एकीचा येत नाही. जुन्या गोळीवर असती तर त्या दिवशी ती उठून चहा प्यायली असती का, हे मला कधीच कळणार नाही. माझ्या विद्येचा हा शाप मी गिळून टाकला. आईच्या मरणावरून गोष्ट रचली असती, तर तुझ्यात आणि माझ्यात फरक काय राहिला असता?

म्हणून मी दुसरी चाचणी मागितली. फक्त डोंगरावरच्या, साठी उलटलेल्या बायका, आणि एकच प्रश्न, आधी लिहून ठेवलेला: ही गोळी घेणाऱ्या जुन्या गोळीवरच्या बायकांपेक्षा जास्त जगतात का? तू आनंदाने मान्यता दिलीस. ‘तूच कर. तू केलंस म्हटल्यावर कुणाची बोलायची टाप नाही,’ म्हणालास, आणि त्या कागदावर तुझी लांबलचक सही केलीस. तुझी खात्री होती. मलाही मनातून वाटत होतं, तुझंच खरं निघावं. निघालं असतं, तर निदान आई तरी माझ्या मनात सुखाने मेली असती.

निकाल तुला कळला आहे. देखरेख करणाऱ्या समितीने चाचणी मध्येच थांबवली, कारण तुझ्या गोळीवरच्या बायका जास्त मरत होत्या. फायदा नव्हता, एवढंच नाही, मरत होत्या. गोळी बंद करा असं इस्पितळांना कळवायचं काम आरोग्यखात्यातल्या हृदयविभागाचा प्रमुख म्हणून तुझं आहे. मी त्या पत्राची वाट पाहत होते. त्याऐवजी तुझा हा निरोप आला: ‘निकाल जाहीर करण्याआधी कोका चघळणाऱ्या बायका वेगळ्या काढून बघ. बिघाड त्यांच्यातच असणार. त्या काढल्या तर गोळी चांगली ठरेल.’

एर्लांद, कोका चघळणाऱ्या बायका! तू निळ्या ओठांनी दारात बसला होतास तेव्हा तुला ज्या पानांनी जगवलं, त्यांच्याच माथी आता हे मारायचं? माझी आई कुठल्या फोडीत जाईल, याचा विचार केलास? आधी ती डोंगरावरची म्हातारी म्हणून तुला हवी होती. आता पानं चघळणारी म्हणून तिला ताटाबाहेर काढायची. आणि बासिलियाचं काय? काल ती मला म्हणाली, ‘आयांची गोळी संपत आली गं, दोक्तोरकडून चिठ्ठी आणशील?’ मी तिला हाताला धरून इथल्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईकडे नेलं आणि जुन्या गोळीवर परत आणलं. येताना ती रडली. म्हणाली, ‘म्हणजे ती आपल्यासाठी नव्हतीच होय?’ मी एकीला नेलं. बाकीच्यांना तुझ्या सहीशिवाय कोण नेणार?

तर तुझ्या निरोपाचं उत्तर. नाही. प्रश्न आधी लिहिला होता, खाली तुझी सही आहे, आणि पानं पडली आहेत, फिकी बाजू वर. आहे तसा निकाल मी सोमवारी औषधांना मान्यता देणाऱ्या समितीपुढे आणि वर्तमानपत्रांपुढे ठेवणार आहे. त्याआधी तू स्वतः गोळी थांबवलीस, तर लोक म्हणतील, दोक्तोर चुकला पण माणूस होता. आईने तुझ्यासाठी दर वेळी वारा लागला म्हटलं आणि पानं पुन्हा टाकली. तिला तुझ्या परीक्षेची काळजी होती. मला अजून जिवंत असलेल्या बायकांची आहे. मी पुन्हा टाकणार नाही.

तुझ्या ममिताची लेक,
नीवेस