अठरा तारखेच्या आत थंड हवा

अरिल्ये, ३ जुलै

ती. सौ. ओलिवेराताईस मिलादिनचा साष्टांग (गुडघ्यामुळे खरं तर अर्धाच) नमस्कार. तुझं पित्त, दाजींचा रक्तदाब आणि नवरीचा पोशाख, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा. इकडे रास्पबेरी उतरल्या, माझी पाठ धरली आणि आई ठणठणीत आहे. जरा जास्तच ठणठणीत आहे, म्हणून तर हे पत्र.

तुझ्या तियानाच्या लग्नाला, अठरा तारखेला, आईला नोवी सादला घेऊन येतो असा शब्द मी तुला दिलाय. चार तासांचा रस्ता आणि अडतीस डिग्री ऊन. गेल्या वर्षी बसमध्ये भोवळ येऊन पडली तेव्हापासून उकाड्यात प्रवास बंद, असं डॉक्टरांनी बजावलंय. खिडकी उघडावी तर आपल्या घरात ते पाप! एका बाजूची काच बोटभर खाली आली की आई आधी दुसऱ्या बाजूची बंद आहे ना ते बघते, मगच श्वास घेते. समोरासमोरचा वारा मानेला लागला की माणूस आडवा, हे तिचं मत (आणि साऱ्या गावाचंही). म्हणजे एसी चालला तर आजी लग्नात, नाहीतर फोटोत. आणि एसी तर मे महिन्यापासून नुसता फुसफुसतोय.

मेकॅनिककडे का नेली नाहीस, असं विचारू नकोस. घरची गाडी परक्याच्या हाती द्यायची नाही ही बाबांची शिस्त मी मोडत नाही (मेकॅनिक महिनाभर सुट्टीवर आहे, हेही आहेच). पहिल्या दिवशी हॉर्नचा फ्यूज काढून एसीला लावला. एसी तसाच, वर हॉर्न गेला, त्यामुळे दोन दिवस चौकाचौकात तोंडाने ओरडत फिरलो. मग पुढच्या जाळीवर बसलेला पॉपलरच्या झाडांचा कापूस पाइपाने धुतला. बचकभर निघाला, पण गार झालो तो मीच. शेवटी मंगळवारी गॅसचा डबा आणला आणि नळी जोडणार, तोच कुंपणापलीकडून हाक आली, "हात काढ!"

देसांकाकाकू! आठवतात ना, आई जिथे फळं पॅक करायची त्या कोल्ड स्टोरेजच्या मुख्य मेकॅनिक, ज्यांच्या धाकाने मॅनेजर बूट पुसून आत यायचा? सत्तरी उलटली, पण ताई, बाई म्हणावं तर ह्यांना. "ताप न मोजता सुई टोचतोस का रे गाढवा?" म्हणत घरून दोन काट्यांचं दाबाचं मीटर आणलं, जोडलं, मला इंजिन चालू करायला लावलं आणि डोळे मिटून उभ्या राहिल्या. टक्. "कॉम्प्रेसर पकडतोय." काटे बघितले. "गॅस पुरेसा आहे. तू अजून भरला असतास तर सगळं बिघडवलं असतंस." मग पाइपाला नुसता हात लावला. पाइपाला घाम फुटलेला. "थंडी झकास तयार होतेय, मिलादिन. ती आत यायच्या वाटेवर काहीतरी आडवं आलंय." एक स्क्रू न काढता सांगितलं गं! मी वीस वर्षं गाडी चालवतोय, मला त्या पाइपाला घाम येतो हेसुद्धा माहीत नव्हतं.

शेजारच्या सीटपुढचा कप्पा उतरवला. त्याच्या मागे हवेचा फिल्टर असतो. फिल्टर नव्हताच. त्या जागी टॉवेल होता: घडी घातलेला, चारी कडा दुमडून शिवलेला, इस्त्रीचा, जराही फट न ठेवता बसवलेला. (फिल्टर नंतर जिरेनियमच्या कुंडीखाली सापडला, स्वच्छ धुतलेला.) काकूंनी टाका बघितला, ओळखला आणि पायरीवर बसल्या. म्हणाल्या, "पॅकिंगच्या खोलीतले माझे पंखे वारा का टाकत नाहीत ते मी रिटायर होईपर्यंत शोधत होते. स्तोयांका! बाहेर ये!"

आई कॉफीचा ट्रे घेऊन शांतपणे बाहेर आली. नाकारलं वगैरे काही नाही. "बायका कुडकुडायच्या," म्हणाली. "तुझं काय, तू कोट घालून यायचीस आणि जायचीस." मग माझ्याकडे वळली, "मे महिन्यात तुझा कान दुखत होता की नाही? मग थांबला की नाही?" थांबला होता, ताई! आणि त्र्याऐंशीव्या वर्षी लोण्याच्या सुरीने तो कप्पा उघडून परत बसवला तिने, एकही खुंटी न मोडता. मी दोन मोडल्या. खोटं कशाला सांगू, त्या दोघींपुढे मला माझीच लाज वाटली.

आता नवा फिल्टर आहे आणि चष्म्यावर धुकं धरेल अशी हवा येते. आई त्यात अर्धं मिनिट बसली, उतरली आणि म्हणाली, "हे कोल्ड स्टोरेजच आहे. ह्यात मी परत बसायची नाही." दार लावून घेतलं ते लावूनच घेतलं.

दाजींना नमस्कार, तियानाला पोटभर आशीर्वाद.

तुझा, गाडी जिंकून आई हरलेला,
मिलादिन

ता. क. खरं काम हे: तू फोन करून आईला गळ घाल. माझं ती ऐकत नाही. आणि नाहीच आली, तर तियानाला ते तूच सांग. माझ्याने व्हायचं नाही.

ता. क. २. फोन करू नकोस. पत्र टेबलावर राहिलं आणि आईने वाचलं. देसांकाकाकूही येतायत, गाडीत एसीच्या बटणापाशी बसायला. लग्नात त्यांची खुर्ची आईशेजारीच मांड. मंगळवारपासून दोघी एकमेकींशी बोलत नाहीत, पण दोघींनीही मला वेगवेगळं गाठून हेच बजावलंय. मी आईला विचारलं, मग वाऱ्याचं काय? म्हणाली, "परक्यांच्या फळांसाठी एकतीस वर्षं बसले. नातीसाठी चार तास बसेन."